थंडीत मिरचीचं रोप टाकलंय आणि उगवत नाहीये? आधी झारी बाजूला ठेवा

सिन्नरच्या बाजूच्या एका भाऊंनी विचारलंय की डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हायब्रिड मिरचीचं बी १०४ कपाच्या ट्रेमध्ये टाकलं, ट्रे लोखंडी स्टँडवर, वर हिरवं शेडनेट, सकाळ संध्याकाळ दोन वेळा पाणी, आणि आज १४ दिवस झाले तरी इथे एक तिथे एक असंच उगवलंय, त्यातली काही रोपं देठाशी बारीक होऊन आडवी पडतायत. दुकानदार म्हणतो टॉनिक मारा, शेजारी म्हणतो बी बोगस आहे, फेकून द्या. काय करू?

भाऊ, फेकू नका. टॉनिक पण मारू नका. आज संध्याकाळचं पाणी देऊ नका आणि ट्रे स्टँडवरून खाली घ्या, एवढं आत्ता करा, बाकीचं वाचून झाल्यावर.

मिरची मुळात उष्ण मुलखातलं झाड, अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरलं आणि आपल्याकडे असं रुळलं की आपल्याला ते इथलंच वाटतं, पण बियाला अजून उबच लागते. बियाच्या आजूबाजूची माती किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) २५ ते ३० अंशाला असेल तर मिरची ८-९ दिवसात वर येते. २० अंशाला १२-१३ दिवस लागतात. १५ अंशाला तेच बी २५ दिवस घेतं, आणि १० अंशाच्या आसपास जवळजवळ उगवतच नाही, नुसतं ओलं होऊन पडून राहतं. म्हणजे विसाचे पंधरा अंश झाले की दिवस थेट दुप्पट. तुमच्याकडे दिवसा २७-२८ आणि पहाटे ८-९ चाललंय, निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा तर कधी कधी पाचाच्या पण खाली असतो, त्यामुळे १४ दिवसात पूर्ण उगवण नाही म्हणून बी बोगस असं लगेच म्हणता येत नाही. बी अजून वेळेत आहे.

पण एक गोष्ट लक्षात घ्या, आणि मला जे सांगायचंय ते खरं तर एवढंच आहे: थंडीने रोप थांबतं, मरतं ते ओलीने. आपल्या महाराष्ट्रातला हिवाळा काही काश्मीरसारखा नाही, दुपारी आपण शर्टाच्या बाह्या वर करून फिरतो. दिवसाची ऊब आपल्याकडे भरपूर आहे, ती रात्री हातातून निसटते आणि निसटायला सगळ्यात जास्त मदत आपणच करतो, संध्याकाळी पाणी मारून.

कसं ते सांगतो. ओला ट्रे, खालून मोकळी हवा, वरून वारा, रात्रभर त्यातलं पाणी उडत राहतं आणि उडताना गारवा करत जातं. उन्हाळ्यात आपण माठ तिवईवर ठेवतो ना वाऱ्याला, पाणी गार व्हायला, तुमचा स्टँडवरचा ट्रे म्हणजे अगदी तेच काम चाललंय. पहाटे बाहेरच्या हवेपेक्षा कपातलं कोकोपीट गार असतं, विश्वास नसेल तर कांडीचा थर्मामीटर आणा, फार महाग नसतो, कपात बोटभर खोल खुपसा आणि पहाटे सहाला आणि दुपारी तीनला असं दोनदा बघा. मी नर्सरीत येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतो की औषधाच्या आधी थर्मामीटर घ्या, तरी लोक औषधच घेऊन जातात.

म्हणून ट्रे जमिनीवर घ्या. नुसत्या मातीवर नको, मुळ्या खाली घुसतात आणि गोगलगाय वाळवी पण लागते, खाली जुना मल्चिंग पेपर अंथरा, काळी बाजू वर, त्यावर ट्रे एकमेकांना चिकटवून ठेवा, मधे फट नको. दिवसा जमीन तापते ती रात्री थोडी थोडी ऊब सोडते. कडेच्या ट्रेची बाहेरची रांग नेहमी मागे राहते, तिथे पोती किंवा विटा लावून आडोसा केला तरी फरक दिसतो.

पाणी एकदाच, सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर, साधारण नऊ-साडेनऊनंतर. विहिरीचं किंवा बोअरचं ताजं उपसलेलं पाणी थंडीत कोमट असतं, तेच द्या. काळ्या टाकीत रात्रभर उघड्यावर राहिलेलं पाणी सकाळी बर्फासारखं असतं, ते टाकायचंच असेल तर दुपारपर्यंत तापू द्या. आणि रोज द्यायलाच पाहिजे असं नाही! कोकोपीट चिमटीत दाबून बघा, बोटं ओली झाली की आज पाणी नाही. ट्रे उचलून बघायची सवय लावली तर अजून चांगलं, वजनावरूनच कळायला लागतं. थंडीत कोकोपीट दोन दोन दिवस ओल धरतं, वरून कोरडं तपकिरी दिसतं आणि खाली चिखल असतो, तिथेच सगळे फसतात.

काही जण म्हणतील की द्राक्षवाले तर गारठा वाढला की पहाटे ड्रिप सोडतात, बागेत शेकोट्या करतात, मग रोपांवर पहाटे पाणी का नको? बागेत फूटभर खोल जमीन असते, विहिरीच्या कोमट पाण्याने ती उबदार राहते, ओली जमीन दिवसाची ऊब पण जास्त साठवते. आपल्या कपात मूठभर कोकोपीट, त्यात साठवायला जागाच नाही, आणि पानावर पडलेलं पाणी तर उडताना रोपाचीच ऊब घेऊन जातं. दोन्हीची तुलना करू नका.

आता ते शेडनेट. ५० टक्क्यांचं हिरवं नेट मे महिन्यात ठीक आहे, डिसेंबरात ते कशाला? ऊन आधीच तिरपं, दिवस लहान, त्यात अर्धं ऊन तुम्ही वरच अडवताय. मग कोकोपीट तापत नाही, वाळत नाही, आणि जी रोपं वर येतात ती उजेड शोधत लांबोडकी होतात, बारीक काडीची. नेट काढा किंवा दिवसा गुंडाळून ठेवा. पांढऱ्या माशीसाठी पांढरं इन्सेक्ट नेट, ४०-५० मेशचं (इंचाला तेवढी भोकं), ते मात्र पाहिजेच, त्यातून उजेड बऱ्यापैकी येतो. हिरवं नेट रात्री ओढून घेतलं तर दव थोडं अडतं, एवढाच त्याचा थंडीतला उपयोग.

बी जिवंत आहे का ते कसं बघायचं? न उगवलेल्या दहा-पंधरा कपातलं बी हळूच उकरून काढा आणि नखाने दाबा. टणक असेल, आतून पांढरट निघालं, तर ते जिवंत आहे, वाट बघतंय. मऊ झालंय, दाबल्यावर तपकिरी पाणी येतंय, वास येतोय, तर ते सडलं. दहातली सात-आठ टणक निघाली तर ट्रे ठेवायचे. त्याच बरोबर पाकिटात बी उरलं असेल तर २५ बिया ओल्या सुती कापडात गुंडाळून, कापड घट्ट पिळून, डब्यात घालून घरातल्या उबदार जागी ठेवा, पण स्वयंपाकघरापासून आणि धान्यापासून लांब. आठ-दहा दिवसात किती मोड आले ते मोजा. मिरचीला बियाण्याच्या नियमात किमान उगवणच ६० टक्के धरलीय, टोमॅटो-वांग्याला ७० आहे, म्हणजे मिरचीचं बी जातीनेच जरा कमी उगवणारं. हायब्रिड कंपन्या पाकिटावर स्वतःचा आकडा छापतात, आणि चांगलं बी उबेत ८०च्या वर जातं. घरात उबेत ठेवून पण निम्म्याच्या खाली आलं तर मग बियाबद्दल बोला, पाकीट लेबलसकट आणि पक्कं बिल जपून ठेवा, तालुक्याला कृषी विभागाची तक्रार समिती असते तिथे अर्ज देता येतो. घरात चांगलं उगवलं तर दुकानदाराशी भांडू नका.

जी रोपं देठाशी बारीक होऊन पडतायत ती मर आहे, रोपं कोलमडणं म्हणतो आपण. पिथियम नावाची बुरशी मुख्य, तिला ओल पाहिजे आणि हळू वाढणारं रोप पाहिजे, थंडीत आपण तिला दोन्ही देतो. पडलेली रोपं त्या कपातल्या कोकोपीटसकट काढून लांब टाका, बांधावर नको. मग कॉपर ऑक्सिक्लोराईड अडीच-तीन ग्रॅम एक लिटरला किंवा मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेबचं तयार मिश्रण दोन ग्रॅम, यातलं एक, सकाळी, त्या दिवसाच्या पाण्याच्या ऐवजी द्या. पाणी देऊन वर आळवणी (मुळाशी औषधाचं पाणी ओतणं) असं दुप्पट करू नका, औषध देताना अजून ओल केली तर काय मिळवलं. बरेच जण सवयीने कार्बेन्डाझिम ओततात, ते पिथियमवर चालत नाही, दुसऱ्या बुरशींवर चालतं, त्यामुळे "औषध दिलं तरी रोपं पडतायत" अशी ओरड होते. ट्रायकोडर्मा चांगलं आहे पण ते पण जिवंत बुरशी आहे, तिला पण ऊब लागते, गारठ्यात ती झोपलेली असते. ते बी टाकायच्या आधी कोकोपीटमध्ये मिसळून आठवडाभर उबेत मुरू दिलं तर काम करतं, आणि कॉपरबरोबर एकत्र कधीच नाही.

हे झालं आत्ताचं. पुढच्या वेळी थंडीत रोप टाकाल तेव्हा खरी मेख सांगतो: उगवण उघड्यावर करायचीच नाही. उगवण बंद जागेत उबेत करायची, वाढ उघड्यावर उन्हात. बियाला उजेड लागत नाही, ऊब लागते. रोपाला उजेड लागतो, गारठा ते बऱ्यापैकी सोसतं. ही दोन कामं वेगळी केली की अर्धी डोकेदुखी जाते.

नर्सरीवाले काय करतात, बी टाकून झालं, अर्धा सेंटिमीटर कोकोपीटने झाकलं (थंडीत खोल नको, वरवरच), एकदा नीट पाणी दिलं, निथळू दिलं, मग ट्रे एकावर एक रचायचे दहा-दहा-बाराची थप्पी, सगळ्यात वर एक रिकामा ट्रे उलटा, आणि पूर्ण थप्पी काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून बंद खोलीत. गोठ्याला लागून खोली असेल तर फार छान, जनावरांची ऊब असते. खोलीत पिवळा जुना शंभरचा बल्ब लावला तर अजून दोन-चार अंश मिळतात, एलईडीचा उपयोग नाही तो तापत नाही, आणि बल्ब प्लास्टिकपासून लांब टांगा, आग लागायला वेळ लागत नाही. आत परत पाणी द्यायचं नाही. उन्हाळ्यात थप्पी चौथ्या-पाचव्या दिवशी मोडतो, थंडीत सात-आठ दिवस जातात, पण पाचव्या दिवसापासून रोज सकाळी वरचा, मधला, खालचा असे ट्रे काढून बघायचेच. पाच-दहा टक्के कपात पांढरा वाकलेला कोंब वर दिसायला लागला की त्याच दिवशी थप्पी मोडून उन्हात मांडायची. "उद्या रविवार आहे, माणसं येतील, उद्या काढू" असं केलं की सकाळी आत पांढरे दोरे झालेले असतात आणि ते रोप परत सरळ होत नाही. बाकीचं बी बाहेर दोन-तीन दिवसात मागून येतं.

उंदीर! हे कोणी सांगत नाही. उबदार अंधारी खोली, आत भिजलेलं बी, उंदराला अजून काय पाहिजे. एका रात्रीत कप न कप उकरून ठेवतो. थप्पी लावायच्या आधी पिंजरा लावा, बिळं बुजवा, खालचा थर पाटावर घ्या.

हायब्रिड नसलेलं बी असेल, ज्वाला किंवा फुले ज्योतीसारखं सुधारित किंवा घरचं संकेश्वरी, तर ट्रेच पाहिजे असं काही नाही, गादीवाफा करा, तीन मीटर लांब, एक मीटर रुंद, वीत सव्वावीत उंच, चांगलं कुजलेलं शेणखत. बी कोमट पाण्यात रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून उबेत ठेवा आणि टोक पांढरं दिसायला लागल्यावर बोटभर अंतराच्या ओळीत टाका, मोड लांब होऊ देऊ नका, मोडतात. हायब्रिडचं रंग लावलेलं बी मात्र भिजवायचं नाही, त्याच्यावर औषध असतं ते धुऊन जातं, आणि ते स्वयंपाकघरात तर नकोच, वर सांगितलेली २५ बियांची परीक्षा करताना पण वेगळं फडकं, वेगळा डबा, नंतर हात धुवा.

जुने लोक वाफ्याखाली ओल्या शेणाचा नि पाचोळ्याचा फूटभर थर द्यायचे, तो आतून तापतो आणि वरचा वाफा उबदार राहतो. अजूनही चालतं हे, फक्त वर पाच-सहा इंच मातीचा थर पाहिजे आणि थर देऊन आठवडाभर थांबायचं, सुरुवातीचा कढ आणि वाफ निघून जाऊ द्यायची, नाहीतर कोवळी मुळं भाजतात. वाफ्यावर भाताचा पेंढा किंवा गवत अंथरलं तर कोंब दिसताच काढायचं, संध्याकाळी काढा म्हणजे रोप एकदम उन्हात येत नाही.

झाकणाचं बोलू. लोक मोठा खर्च करून पारदर्शक प्लास्टिकचा टनेल करतात आणि मग दुपारी उघडायला विसरतात. जानेवारीत सुद्धा बंद टनेलमध्ये दुपारी ४५च्या वर जातं, रोपं शिजतात अक्षरशः. प्लास्टिक घालायचं तर घरी माणूस पाहिजे जो रोज नऊ-दहाला दोन्ही तोंडं उघडेल आणि चार-साडेचारला, म्हणजे ऊन असतानाच, परत बंद करेल. अंधार पडल्यावर बंद केलं तर आत गारठाच कोंडता. हे जमत नसेल तर क्रॉप कव्हर घ्या, पांढरं कापडासारखं, १७ ते २० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम), कलिंगडावर घालतात ते. ऊब प्लास्टिकएवढी नाही देत, एक-दोन-तीन अंशच, पण उजेड आत येतो, हवा खेळते, दव थेट पानावर बसत नाही आणि पांढरी माशी-फुलकिडे पण बाहेर राहतात. बांबूच्या कांबी दोन-अडीच फूट उंच करा म्हणजे कापड पानाला टेकत नाही. माझ्या मते एकट्या माणसाला कव्हरच बरं.

आकाश निरभ्र असेल, वारा पडलेला असेल, ती रात्र सगळ्यात वाईट. ढगाळ रात्री फार काळजी नको, ढग गोधडीचं काम करतात, पण ढगाळ दिवसांत पाणी पूर्ण बंद ठेवा कारण मर तेव्हाच पसरते.

रोपं उगवल्यावर दुसरी ओरड येते ती रंगाची. पानं पिवळट, खोड जांभळट, वाढ थांबलेली, आणि लगेच डीएपीचं पाणी, युरियाचं पाणी, ह्युमिक, सीविड, जे दुकानात असेल ते. गारठ्यात मूळ काम करत नाही, स्फुरद उचलत नाही, म्हणून तो जांभळेपणा, खत असूनही उपाशी असल्यासारखं. चार उबदार दिवस मिळाले की आपोआप निवळतं. युरियाने रोप मऊ होतं आणि मऊ रोप मरीला आवडतं. दोन खरी पानं आल्यावर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं पाण्यात विरघळणारं खत) एक ग्रॅम लिटरला, आठवड्यातून एकदा, सकाळच्या पाण्यातून, बास. पानं वरच्या बाजूला वळून वाटीसारखी होतायत तर फुलकिडे बघा, खाली वळतायत तर कोळी कीड, तो वेगळा विषय, त्याला टॉनिकने काही होत नाही.

गच्चीवाले पण विचारतात, पुण्या-नाशिकात चार कुंड्यांसाठी एवढं काही लागत नाही, दह्याचा डबा, खाली भोकं, बी टाकून घरात फ्रिजच्या वर ठेवा, कोंब दिसला की दक्षिणेच्या उन्हात, रात्री आत. इंग्लंड-कॅनडातले आपले लोक हे वाचून जानेवारीत बाहेर बी टाकायला जाऊ नका, तुमच्याकडे मिरची घरातच खिडकीत सुरू करायची आणि रात्री गोठवणारी थंडी पडायची पूर्ण थांबल्यावरच बाहेर न्यायची, तिकडे हिमाने एका रात्रीत झाड जातं.

बी टाकायची वेळ कोणती, हा खरं तर पहिला प्रश्न. उन्हाळी मिरचीची लागवड साधारण रथसप्तमीच्या आसपास बसवली तर रोपाला मोकळ्या रानात गारठा फारसा लागत नाही. जूनात रोप ३०-३५ दिवसात तयार होतं, थंडीत ४५-५० धरा. म्हणजे बी टाकायचं डिसेंबरच्या मध्याला, जे बरोबर सगळ्यात गार दिवसांच्या तोंडावर येतं. माझं मत, उबेची सोय असेल तरच हे करा. सोय नसेल तर एकतर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात टाका, जमीन अजून गरम असते, पटकन उगवतं आणि गारठा येईपर्यंत चार पानांवर असतं, नाहीतर सरळ संक्रांतीनंतर टाका. डिसेंबरअखेर उघड्यावर टाकलेलं आणि जानेवारीच्या मध्याला टाकलेलं रोप लागवडीला फार तर आठ-दहा दिवसांच्या फरकाने येतं, आणि मागचं रोप जास्त तजेलदार असतं. मागचं धरलं तर लागवड मात्र फेब्रुवारीअखेर-मार्चात जाते आणि ऊन वाढलं की पांढरी माशी-फुलकिडे वाढतात, म्हणजे बोकड्याचा (पानं आखडून वळण्याच्या रोगाचा) धोका, हे हिशोबात धरून चाला.

तर भाऊ, तुमचं: ट्रे खाली घ्या, नेट काढा, पाणी एकदाच सकाळी, बी दाबून बघा. टणक असेल तर अजून दहा-बारा दिवस थांबा. थांबताना उरलेलं बी थप्पी लावून दोन-तीन ट्रेमध्ये खोलीत टाकून ठेवा, तूट निघाली तर त्यातून सांधता येईल, पण मोठी आणि लहान रोपं एका ओळीत लावू नका, सांधायची ती रांग वेगळी धरा म्हणजे पाणी-फवारणीला सोपं जातं. लागवडीच्या आधी आठवडाभर कव्हर काढून टाका, पाणी अजून तोडा, दुपारी पानं थोडी मलूल दिसली तरी घाबरू नका, आणि वीतभर उंच सहा-आठ पानांचं रोप झालं की दुपारी चारनंतर लावा, त्या आठवड्यात थंडीची लाट सांगितली असेल तर पाच-सहा दिवस ट्रेमध्येच थांबवलेलं बरं.